गाडी तीनवर चालते आहे

भर रस्त्यात गाडीचं बोनेट उघडावं आणि पाच मिनिटं स्वस्थ उभं राहावं. आपल्या गावात विद्वानांची किती दाटी आहे ते तेवढ्यात कळतं. उज्जैनला तर विद्वत्तेची परंपराच जुनी. फ्रीगंजमध्ये टॉवर चौकाच्या आसपास बोनेट वर गेलं, की पहिल्याचं मत सांगून व्हायच्या आत दुसरा ते खोडायला हजर असतो, आणि तिसरा दोघांनाही बाजूला सारून थेट आत हात घालतो.

यांच्यापैकी एकानेही मला आजवर 'नेमकं काय होतंय?' असं विचारलेलं नाही. सगळे एकदम उत्तरावर येतात. तेही उत्तर मला देत नाहीत, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ह्यांना देतात. ह्यांना गाडी चालवता येत नाही. पण हे मान इतकी समजून-उमजून हलवतात, की सांगणाऱ्याला हुरूप येतो.

गाडी म्हणजे १९८८ सालची प्रीमिअर पद्मिनी. मामंजींनी घेतलेली, सायीच्या रंगाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ला काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा जमाना संपला, तेव्हा पेपरांत फोटो छापून आले आणि लोक हळवे झाले. आमच्या गल्लीत कोणी हळवं झालं नाही. आमची पद्मिनी त्याच वर्षी पाच वर्षांसाठी पासिंग करून आली होती आणि सकाळी सातला चोक ओढून सगळ्यांना उठवत होती. पुढचं पासिंग २०२८मध्ये, म्हणजे नेमकं सिंहस्थाच्या वर्षी. वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी आता १०,००० रुपये झाली आहे. तेव्हा त्या वर्षी शिप्रेत डुबकी मारून पुण्य मिळवायचं की आरटीओत जाऊन, एवढाच प्रश्न आहे.

तर ही गाडी गेल्या उन्हाळ्यात बिघडली. बंद पडली असती तर बरं झालं असतं. बंद पडलेल्या गाडीबद्दल निदान एकमत तरी असतं, की ती बंद आहे. आमची चालत होती, पण नाखुशीने. उभी असताना थरथरायची. फ्रीगंजचा पूल चढताना तिला तिसऱ्या गिअरमध्ये धाप लागायची. मी दुसरा टाकेपर्यंत मागची ई-रिक्षा, आठ सवाऱ्यांसकट, मला ओलांडून जायची. मधूनच एक झटका बसे, आणि मधूनच सायलेन्सरमधून 'फट्' असा बार निघे. महाकालाच्या दर्शनाला निघालेले भाविक त्या आवाजाला दचकून एकदम 'जय महाकाल' म्हणत. तेवढंच पुण्य.

शेजारच्या काकांची सगळी नोकरी बजाज चेतकवर झाली. त्यांचं निदान तयार होतं : कचरा आलाय. चेतकमध्ये कचरा आला, की ते ती कलती करत, दोन किका मारत आणि ऑफिसला वेळेवर पोचत. काकांनी पद्मिनीभोवती एक प्रदक्षिणा घातली. ही कलती करता येणार नाही याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर साफ दिसत होती.

ह्यांचं मत बॅटरी. फार वर्षांपूर्वी इंदूरच्या एका लग्नाहून परतताना सांवेरपाशी बॅटरी उतरली होती. तेव्हापासून जगातल्या कोणत्याही यंत्राला काही झालं, की हे बॅटरी म्हणतात. मिक्सरलासुद्धा. बॅटरीचं मुख्य काम सेल्फ फिरवण्याचं, इंजिन एकदा धावू लागलं की चार्जिंग पुढचं निभावून नेतं, आणि आपली गाडी सेल्फला तर लगेच उठते, हे मी सांगून पाहिलं. दुसऱ्या दिवशी घरात नवी बॅटरी आली. जुनी एक्स्चेंजमध्ये द्यायला मात्र ह्यांचा जीव होईना. का, तर म्हणे ती अजून चांगली आहे.

पुतण्या पुण्याहून सुट्टीला आला होता. त्याच्या पिशवीत स्कॅनर. हल्लीच्या गाड्यांत डॅशबोर्डखाली एक खाच असते, तिथे हे यंत्र लावलं की गाडीचा संगणक आपणहून कबुलीजबाब देतो. कोणता सिलिंडर मिसिंग मारतो तेही आकड्यांत सांगतो. पी ०३०३ आलं, की समजायचं तिसरा. मुलगा डॅशबोर्डखाली डोकं घालून बराच वेळ ती खाच शोधत राहिला. त्याला मामंजींची तपकिरीची डबी सापडली, एक कोणत्याच कुलपाची नसलेली किल्ली सापडली, आणि मग तो बाहेर येऊन अतिशय मऊ आवाजात म्हणाला, "काकू, हिला कॉम्प्युटरच नाहीये." १९८८मध्ये आमच्या बँकेच्या शाखेलाही नव्हता.

उज्जैनमध्ये ग्रहांची सोय उत्तम आहे. मंगळाची तक्रार असेल तर मंगळनाथ, शनीची असेल तर इंदूर रस्त्यावर त्रिवेणी. लोखंड, वाहन आणि तेल ही तिन्ही खाती शनिमहाराजांकडे, तेव्हा आमच्या गुरुजींनी गाडीचं वर्णन अर्धंच ऐकून शनिवारी तेल घालायला सांगितलं. मी त्रिवेणीला जाऊन तेल वाहिलं. परत आल्यावर सहज म्हणून इंजिनाची पट्टी काढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. गुरुजींचं निदान बरोबर होतं, पत्ता तेवढा चुकला होता.

मग रतलामहून नणंदेच्या यजमानांचा फोन आला. तिकडे जून २०२५मध्ये जे घडलं त्यानंतर रतलामकर इंधनाच्या बाबतीत स्वतःला अधिकारी समजतात. मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यासाठी इंदूरहून १९ गाड्या आल्या होत्या. रतलामजवळ एका पंपावर त्यांनी डिझेल भरलं आणि थोडं पुढे जाऊन एकेक करून सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. रात्री रस्त्याच्या कडेला टाक्या उतरवल्या, तेव्हा डिझेलबरोबर पाणी निघालं. पंपाला सील लागलं, गाड्या ढकलल्या गेल्या. मुख्यमंत्री मूळचे आमच्या उज्जैनचे, त्यामुळे आम्हालाही हे प्रकरण घरचंच वाटतं. "वहिनी, पाणी तपासा," असं भावोजींनी बजावलं. सल्ला खरं तर चांगला होता. पाणी जड असतं, टाकीच्या तळाशी बसतं, आणि गाडीचा पंप नेमका तळातूनच ओढतो. मी काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून ते खिडकीपासून लांब ठेवलं आणि वाट पाहिली. खाली वेगळा थर दिसला असता तर भावोजी जिंकले असते. दिसला नाही. भावोजींना ते आवडलं नाही.

सगळ्यांत अभ्यासू निघाले बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांचा रोख इथेनॉलवर. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते उसापासून होतं, मक्यापासून होतं, तांदळापासूनही होतं. लिटरमागे त्यातून पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश एवढीच ताकद मिळते. शिवाय ते स्वतःचा थोडा प्राणवायू घेऊन येतं, त्यामुळे त्याला हवा कमी लागते आणि तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला यातलं काही कळत नाही, त्याच्या जेटचं भोक कारखान्यात पाडलं तेवढंच. वर इथेनॉल जुन्या टाकीतला राळेसारखा मळ सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं आणि जुन्या जातीच्या रबराला फुगवतं, नाहीतर कडक करतं. गृहस्थ बोलत होते तेव्हा बोनेटभोवती शांतता पसरली होती. तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "भिया, भैरवगढ में तो बाबा पूरी बोतल ले लेते हैं, कुछ नी होता." कालभैरवाच्या तोंडाशी बशी लावली की दारू नाहीशी होते, हे अख्ख्या भारताला ठाऊक आहे. पण कालभैरवाला कार्ब्युरेटर नाही, हा मुद्दा मांडायची ती वेळ नव्हती.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं, की ही मंडळी माझ्या गाडीबद्दल बोलतच नाहीत. प्रत्येक जण आपापल्या आयुष्यात भोगलेला बिघाड माझ्या बोनेटखाली शोधतो आहे. ज्याची बॅटरी उतरली त्याला बॅटरी दिसते, ज्याच्या गावात पाणी निघालं त्याला पाणी दिसतं. डॉक्टरकडे जाऊन आलेल्या माणसाभोवती घरातली वडीलधारी मंडळी जमतात, तेव्हाही हेच चालतं. फरक एवढाच, की माणूस मध्येच उठून 'मला ताप नाहीये' असं म्हणू शकतो.

या सगळ्यात मे महिना आला. पारा ४३-४४वर. आता गाडीने नवा हट्ट धरला : अर्धा तास चालली, तापली, की पेट्रोल ओढायचंच सोडून द्यायची. हे दुखणं मात्र पद्मिनीचं खानदानी. पंप इंजिनाला चिकटून असतो. त्याच्या आणि नळीच्या आत पेट्रोलची वाफ होते, पंप बिचारा वाफच दाबत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. उपाय जगजाहीर आहे, पंपावर ओलं फडकं. आमच्या ह्यांनी त्यात सुधारणा केली. वैशाख-ज्येष्ठात महाकालाच्या पिंडीवर ११ मडकी टांगतात, त्यांच्यावर नद्यांची नावं लिहिलेली असतात आणि त्यांतून दोन महिने थेंब थेंब गार पाणी पडत राहतं. त्याला गलंतिका म्हणतात. ह्यांनी पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ती बोनेटखाली सुतळीने बांधली. नदीचं नाव लिहायचं तेवढं बाकी ठेवलं. देवास रस्त्याला ही योजना अर्धा तास उत्तम चालली. मग सुतळी जळाली.

शेवटी गाडी आगर रोडला, कोयला फाटकाच्या पुढे एका उस्तादांकडे नेली. सत्तरी ओलांडलेले, दुकानाला पाटी नाही, बाहेर तीन अँबेसिडर वर्षानुवर्षं उभ्या. उस्तादांनी बोनेट उघडलंच नाही. आधी स्टूल पुढे केलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बेनजी, कब करती है? ठंडी में, के गरम में?"

मला क्षणभर उत्तरच सुचेना. हा प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

मग एकामागून एक प्रश्न आले. उभी असताना, की चढावर? एकाएकी सुरू झालं, की हळूहळू वाढत गेलं? आणि सगळ्यांत मार्मिक : "इससे पेले किसी ने हाथ तो नी लगाया?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे अँबेसिडर न्याहाळत होते. उस्तादांचं शास्त्र असं : गार असताना ठीक आणि तापल्यावर बिघडते, तर कॉइल, कंडेन्सर, नाहीतर वाफ. उभी थरथरते पण धावताना बरी, तर इंजिनात कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे. उभी असताना ठीक पण चढावर मरते, तर पेट्रोल पुरत नाही किंवा ठिणगी अशक्त आहे. आमची उभी असतानाही थरथरते, चढावरही मरते आणि तापल्यावर आणखी बिघडते, हे ऐकून त्यांनी ठरवलं, की हिला एक दुखणं नाही. आधी सोपं शोधायचं, ते दुरुस्त करायचं, गाडी फिरवून आणायची आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. दोन वस्तू एकदम बदलल्या तर कोणती दोषी होती ते कधीच कळत नाही, आणि बरी असलेली वस्तू उगाच भंगारात जाते.

बोनेट उघडलं, इंजिन सुरू केलं. रबरी मुठीची पक्कड घेऊन ते एकेका प्लगची वायर काढू लागले. पहिली काढली, इंजिन आणखी लडखडलं. लावली. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली आणि काहीच झालं नाही. थरथर होती तेवढीच. "देखो, तीन पे चल री है," ते म्हणाले. ज्याला काढल्यावर काही फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता. मी गणेशोत्सवाच्या कार्यकारिणीवर बरीच वर्षं आहे, त्यामुळे ही चाचणी मला फारशी समजावून सांगावी लागली नाही.

चारांतला एक बसून राहिला, की नुसती पाव ताकद जात नाही. उरलेल्या तिघांना त्याचा दट्ट्याही वर-खाली ओढत न्यावा लागतो, म्हणून नुकसान पावाहून जास्त. त्याच्या वाट्याचं पेट्रोल न जळता सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. भाविकांच्या दचकण्याचा उगम हा.

मग चारही प्लग काढून ओळीने फडक्यावर मांडले. प्लगचा रंग म्हणजे इंजिनाची नाडी, हे उस्तादांचं मत. भाजक्या बिस्किटाचा रंग, उत्तम. कोरडी काळी काजळी, पेट्रोल जास्त. पांढुरका, पेट्रोल कमी आणि आच जास्त. तेलकट काळा, तर खालून तेल चढतंय, म्हणजे खर्च. आमचा तिसरा काळा होता, ओला होता आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, ठिणगीच पडत नव्हती. मी लगेच पर्समध्ये हात घातला, नवा प्लग आणू म्हणून. उस्तादांनी थांबवलं. दुसऱ्याचा प्लग तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा दुसऱ्याला लावला. मृत राहिला तो तिसराच. म्हणजे प्लग निर्दोष. मग वायरींची अदलाबदल केली आणि आता दुसरा मेला. दोष वायरीबरोबर सरकला होता. रबराची टोपी ओढून काढली, तर आतली तार गंजून हिरवी झालेली. एवढीशी गोष्ट. एक पैसाही खर्च न करता तिच्यापर्यंत पोचले होते. स्कॅनर असता तर पी ०३०३ म्हणाला असता आणि गप्प बसला असता.

पुढची पाळी डेल्कोची, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीची. त्याच्या आत दोन छोट्या पॉइंट्सची जोडी उघडमीट करते आणि दर उघडण्याला एक ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ही जोडी सेकंदाला १०० वेळा उघडते. इतकी वर्षं हे केल्यावर पॉइंट्सना खड्डे पडणार आणि त्यांचा टेकू झिजणारच. टेकू झिजला की फट कमी होते, फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते, ठिणगी उशिरा पडली की गाडी तापते आणि सुस्तावते. ज्या गावावरून प्राचीन ज्योतिषांनी मध्यरेखा धरली, साऱ्या देशाचं गणित जिथून सुरू केलं, त्या गावात माझ्या गाडीचं टायमिंग सुटलं होतं. इथे सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे, अठराव्या शतकातली. माधवराव शिंद्यांनी १९२३मध्ये तिची दुरुस्ती करवली. तिच्या मोठ्या यंत्रांत हलतं काहीच नाही, सगळी हालचाल सूर्याने करायची. माझ्या मते यंत्रं अशीच असावीत. याच माधवरावांनी ग्वाल्हेरच्या वाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरवली, पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार नेणारी. तिला फ्रीगंजचा पूल चढायचा नव्हता.

वायर आणि पॉइंट्स झाल्यावर गाडी चारवर आली, थरथर थांबली. चढावर मात्र अजून जडच. आता उस्तादांनी पंपाची नळी सोडून सेल्फ मारायला सांगितलं. पेट्रोलची चिळकांडी उडायला हवी होती, ते नुसतं ओघळलं. पंप उघडला, तर आतला पडदा ताठ आणि कडेला चिरलेला. फिल्टरमध्ये तपकिरी चिकटा. नळीचं रबर बोटाने दाबलं तर आतून भुगा निघाला. बँकवाले गृहस्थ बरेचसे बरोबर होते, हे मान्य करायला हवं. काकांचा कचराही होताच. पडदा बदलला, सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, फिल्टर नवा लावला. सिंहस्थासाठी गावभर रस्ते रुंद होत आहेत, त्यांची बरीचशी धूळ आमच्या एअर फिल्टरमध्ये साठली होती. ती तिथेच झटकली.

सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन मोजलं. तीन सिलिंडर जवळजवळ सारखे, चौथा जरा उतरलेला. उस्तादांनी प्लगच्या भोकातून त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं, आकडा चढला. तेलाने चढला म्हणजे रिंगा झिजल्या, नसता चढला तर वॉल्व्हचा दोष. आता इंजिन उघडायचं का, असं मी घाबरत विचारलं. उस्ताद हात पुसत म्हणाले, "उमर है, बेनजी. चलती को मत खोलो." मजुरी त्यांनी बॅटरीच्या किमतीच्या पावपटही घेतली नाही.

गाडी आता पूल तिसऱ्यात चढते. तेव्हा तुमच्या घरी जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल, तर उन्हाळ्याच्या आधी इंधनाच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा तपासून घ्या, तेलाची पट्टी महिन्यातून दोनदा बघा, आणि जो मेकॅनिक काही विचारायच्या आत पाना हातात घेतो त्याच्याकडे चहा पिऊन परत या. बॅटरी मात्र दुकानातून घेऊ नका. एक उत्तम चालणारी आमच्या गॅलरीत पडून आहे. येऊन घेऊन जा, ह्यांना फक्त आधी सांगू नका.